लंगडी बाजू क्रमांक पाच

सिनेमाच्या धंद्यातले लोक समीक्षकाला मागून 'पाचपाच' म्हणत आणि समोरून 'सर'. दोन्हींतला आदर सारखाच होता.

नाव पडायला कारण होतं. दर शुक्रवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याच्या परीक्षणाखाली दोन चौकटी छापल्या जात. एकीत सिनेमाच्या जमेच्या बाजू, पाच. दुसरीत लंगड्या बाजू, त्याही पाच. दोन्ही चौकटींची उंची सारखी हवी, हा दंडक बावीस वर्षांपूर्वी पानाची मांडणी करणाऱ्या कुणा गृहस्थांनी घातला होता. गृहस्थ निवृत्त झाले, दंडक कामावर राहिला. त्यामुळे बावीस वर्षांत या शहरात चार दोषांचा सिनेमा लागला नाही आणि सहा दोषांचाही नाही. अगदी टाकाऊ सिनेमातही समीक्षक पाच गुण खणून काढी ('नायिकेचे केस खरे वाटतात'), आणि चुकून एखादा चांगला सिनेमा आलाच तर पाचव्या दोषासाठी अर्धा तास पेन चावत बसे. ही लबाडी आहे असं त्याला पहिली दोन वर्षं वाटलं. मग सवय झाली. सवय जुनी झाली की माणूस तिला शैली म्हणतो.

त्या गुरुवारी सकाळी तो बाहेर पडायच्या तयारीत होता तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत असे. त्यामुळे समोरच्याकडे रोखून बघायची तिला सवय होती.

"आज त्याचा सिनेमा ना?"

"हो."

"या वेळी नीट ऐका."

"अगं, ऐकणं माझं कामच आहे."

"तुमचं काम लिहिणं आहे," बायको म्हणाली. "ऐकणं वेगळं."

'त्याचा' म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा. सिनेमा त्याचा नव्हता, सिनेमातला आवाज त्याचा होता. मेहुणा ध्वनी आखणारा, म्हणजे साउंड डिझायनर होता, आणि त्याला धंद्यात कानसेन म्हणत. कॉलेजच्या फिल्म क्लबात समीक्षकाची पहिली ओळख त्याच्याशी झाली. तेव्हा कानसेन प्रोजेक्टर चालवी आणि समीक्षक खेळ संपल्यावर, नुकताच सिनेमा बघून उठलेल्या लोकांना तो सिनेमा समजावून सांगे. मग त्याच्या ताईची ओळख झाली, मग लग्न, आणि कानसेन दर दुसऱ्या रविवारी जेवायला येऊ लागला. आल्या आल्या तो आधी फ्रिज बंद करी. फ्रिजची घरघर त्याला सहन होत नसे. जाताना चालू करायचा विसरे. संध्याकाळी दूध नासे. बायको कुरकुर करी, समीक्षक हसे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

सहा वर्षांपूर्वी कानसेनने एका मारधाडीच्या सिनेमाचं काम केलं. समीक्षकाने लंगडी बाजू क्रमांक तीनमध्ये लिहिलं, 'ध्वनी इतका दणदणीत की कथा ऐकूच आली नाही.' वाक्य लोकांना आवडलं. एक-दोघांनी फोन करून पाठ म्हणून दाखवलं. कानसेनने फोन केला नाही, आणि तो आलाही नाही. सहा वर्षांत घरातलं दूध एकदाही नासलं नव्हतं.

"रविवारी येतो म्हणालाय," बायको म्हणाली. "तुमचं वाचून झालं की."

"म्हणजे चांगलं लिहिलं तर."

"नाही. वाईट लिहिलंत तरी येईन म्हणाला. फक्त नीट ऐकून वाईट लिहायचं. एवढं एकच म्हणाला."

समीक्षकाने मान डोलावली. त्यालाही मेहुणा हवा होता. सिनेमावरून भांडायला त्याच्याकडे दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकीचे एकतर त्याचं ऐकत किंवा त्याला टाळत.

सिनेमाचं नाव होतं 'वीस फूट'. परीक्षकांसाठीचा खेळ सकाळी साडेदहाला, मॉलमधल्या चार नंबरच्या पडद्यावर. समीक्षक त्याच्या नेहमीच्या जागी बसला: पाचव्या रांगेतली अगदी उजवीकडची खुर्ची, भिंतीला लागून. पूर्वी तो मधोमध बसे. हल्ली काही वर्षांपासून त्याला ही जागा बरी वाटू लागली होती. का, याचा त्याने विचार केला नव्हता.

"सर, आज पाचवा सापडणार का?" पुढच्या रांगेतून मागे वळत रेडिओवाली म्हणाली. ती रेडिओवर दीड मिनिटात परीक्षण करी, म्हणून तिला एकच दोष पुरत असे.

"सिनेमा माणसांनीच काढलाय ना? मग सापडेल."

दिवे मालवले. सिनेमा विज्ञानाचा होता आणि भयाचाही. नायक लिफ्ट दुरुस्त करणारा साधा माणूस. एका संशोधन संस्थेत लिफ्टचं काम करताना तो भलत्या मजल्यावर अडकतो, तिथल्या प्रयोगात सापडतो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा त्याला वीस फुटांच्या आतल्या प्रत्येकाच्या मनातलं ऐकू येऊ लागतं. आधी गंमत वाटते, मग त्रास होतो, मग लिफ्टच्या खड्ड्यातून एक मन ऐकू येतं ज्याला शरीरच नाही. ते मन रोज एकेक फूट वर सरकत असतं.

समीक्षक पुढे सरकून बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला सिनेमा आवडत होता. त्याच्या उजव्या कानाशी लिफ्टच्या मोटरचा गुरगुराट होता, पाण्याचा पंप होता, पंख्याची टकटक होती. पडद्यावर नायक गर्दीत उभा राही, दचके, कानांवर हात दाबून भिंतीला टेकत खाली बसे. आणि मनातलं मात्र एक अक्षर ऐकू येत नव्हतं. समीक्षकाने अंधारात वहीत लिहिलं: 'विचार ऐकवले नाहीत. काय संयम!' मेहुण्याचा अभिमान वाटावा असं सहा वर्षांत पहिल्यांदा झालं. कालचा दणदणीत माणूस आज गप्प राहायला शिकला होता. आपल्याच टोमण्याने शिकला असावा, असंही समीक्षकाला वाटून गेलं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. नायक आणि त्याची बायको नाश्त्याला बसले आहेत. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते, असं आधीच्या दृश्यातल्या, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावरून कळतं. समीक्षकाला योगायोगाची गंमत वाटली. कॅमेरा बायकोच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ती कप धरून बसली आहे, तोंड बंद. नळ गळतो आहे. नायक तिच्याकडे बघत बघत रडू लागतो. हे साडेचार मिनिटं चाललं. समीक्षकाने दोनदा घड्याळ पाहिलं. रेडिओवाली रुमालाने डोळे टिपत होती. इथला एसी फारच जोरात लावतात, असं त्याच्या मनात आलं.

खेळ संपल्यावर कुणी कुणाशी सिनेमाबद्दल बोललं नाही. तशी पद्धतच होती. बाहेरच्या टेबलावरचा चहा पिताना परीक्षकांनी हवामान, गुडघे, मुलांच्या परीक्षा यांवर बोलायचं, पण सिनेमावर नाही, कारण मुद्दे चोरीला जातात. एकदा एकाचा 'थंडगार शेवट' हा शब्दप्रयोग तिघांनी एकाच शुक्रवारी छापला होता आणि त्यावरून दोन वर्षं अबोला झाला. त्यामुळे 'काय कुजबुज होती ना ती!' असं त्या दिवशी कुणीही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर ही गोष्ट तिथेच, बिस्किटांच्या बशीशी संपली असती.

दुपारी कचेरीत त्याने जमेची चौकट एका दमात भरली. पहिलाच मुद्दा: 'मन वाचण्यावरचा सिनेमा असून एकही मन ऐकवलं जात नाही. ही शांतता हेच सिनेमाचं सर्वांत मोठं धाडस.' मग नायकाचा चेहरा. मग शरीर नसलेलं मन, जे शेवटपर्यंत दिसत नाही आणि म्हणूनच घाबरवतं. मग लिफ्टचा खड्डा. मग एकही गाणं नाही. लंगड्या बाजूही चार सरळ आल्या. शास्त्रज्ञ फळ्यापुढे उभा राहून अकरा मिनिटं विज्ञान समजावतो, आणि तरी कळत नाही. वीस फुटांचा नियम दिग्दर्शक सोयीप्रमाणे कधी दहा करतो, कधी पन्नास. वीज चार वेळा जाते, दोनदा पुरली असती. आणि ज्या सिनेमात मनं वाचता येतात तिथे खलनायकाने शेवटी तोंडाने कबुली द्यावी, याला काय म्हणायचं.

पाचवा सापडेना. पुरवणीची संपादक, जी त्याच्या मुलीच्या वयाची होती आणि त्याच्याशी वडीलधाऱ्यासारखं बोलायची, दोनदा येऊन गेली.

"सर, खाली एवढी जागा पांढरी राहतेय."

"चार चालणार नाहीत का?"

"मला चालतील. चौकटीला चालणार नाहीत."

त्याने पेन चावलं आणि लिहिलं: 'पाच. नायकाच्या बायकोच्या मनात काय चाललं आहे, याचा पत्ता लागत नाही. साडेचार मिनिटं आपण एका गप्प बाईकडे बघत राहतो. ती चष्म्याच्या दुकानात का आहे, हेही गुलदस्त्यात. बहुधा तिचं मन लिहायचं राहून गेलं असावं.' एकच शांतता पहिल्या चौकटीत धाडस झाली होती आणि दुसरीत त्रुटी. हे त्याला दिसलं. पण उंची जुळली होती.

रविवारी बायकोने तीन ताटं मांडली. दीड वाजला, पावणेदोन झाले. तिने एक ताट उचलून आत नेलं.

"येणार नाही तो," ती परत येऊन म्हणाली.

"का? मी चांगलंच लिहिलंय."

"तुम्ही सिनेमा बघितलाच नाही असं म्हणतो. घरी बसून लिहिलंत म्हणतो."

"मी पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बसलो होतो."

"मला माहीत आहे. तेच वाईट आहे." तिने त्याला वाढलं. "पाचवं तुम्ही मनापासून लिहिलंत, की चौकट भरायला?"

खरं सांगावं असं त्याला वाटलं. खरं सांगायला त्याने नेमका तोच दिवस निवडला.

"चौकट भरायला."

बायको थोडीशी हसली. मग आपल्या जागी, त्याच्या डाव्या हाताला बसली. स्वयंपाकघराचं दार त्या बाजूला होतं म्हणून ती तिथेच बसे. ताटाकडे बघत ती काहीतरी म्हणाली. समीक्षक म्हणाला, "हूं."

त्या आठवड्यात वाचकांची पत्रं आली. एकाने लिहिलं, 'आपण बहुधा शेजारच्या पडद्यावरचा सिनेमा पाहिलात.' दुसऱ्याने फक्त पाचवा मुद्दा कापून कागदावर चिकटवला होता आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं होतं. संपादक खुर्ची ओढून बसली.

"सर, राग मानू नका. तुम्ही गेला होतात ना?"

"बाई, मी बावीस वर्षं जातोय."

"तसं नाही. त्या दिवशी."

मॉलमधून सिनेमा उतरला होता. आता तो फक्त बस डेपोमागच्या जुन्या थिएटरात दुपारी बाराला होता. मंगळवारी समीक्षकाने खिडकीवर उभं राहून तिकीट काढलं. फुकट पासाशिवाय आत शिरायची वेळ कित्येक वर्षांनी आली होती, आणि खिडकीवरच्या माणसाने त्याला साधं ओळखलंही नाही. आत अकरा जण होते, त्यांतले तिघे झोपायला आलेले. तो पाचव्या रांगेत उजवीकडच्या टोकाला बसला.

नायक शुद्धीवर आला, दवाखान्यातून बाहेर पडला. त्याच क्षणी समीक्षकाच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं. मग आणखी कुणी, मग पाच-सहा जण. समीक्षकाने मागे वळून पाहिलं. मागच्या रांगेत एक जण पाय पसरून पडला होता.

"जरा हळू बोला."

"मी झोपलोय हो," तो माणूस डोळे न उघडता म्हणाला.

कुजबुज थांबली नाही. समीक्षकाने पडद्याकडे पाहिलं. रस्त्यावरून जाणाऱ्या एकेका माणसावर नायकाची नजर पडत होती आणि एकेक आवाज उमटत होता. कुणाला लघवीला लागली होती, कुणी मुलाची फी आठवत होतं, कुणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं. सिनेमा दुरुस्त करून पुन्हा पाठवला, असं समीक्षकाला वाटलं. आपल्या पहिल्या मुद्द्याचं आता काय, हाही विचार आला. मग खड्ड्यातल्या त्या बिनशरीराच्या मनाचा श्वास ऐकू आला आणि तो चौकटी विसरला.

मध्यंतरानंतर नाश्त्याचा प्रसंग आला. कॅमेरा बायकोच्या चेहऱ्यावर थांबला, नळ गळू लागला, आणि समीक्षकाच्या उजव्या कानात त्याची स्वतःची बायको बोलू लागली.

'साखर घातली का मी? घातली. ढवळलं नाही म्हणजे वाचतोय. आज सांगायचं होतं. गॅसची नळी बदलायची आहे, ते नव्हे. ते दुसरं. दुकानात एक बाई आल्या होत्या. त्यांना तक्त्यावरचं काहीच दिसत नव्हतं, आणि तरी घडाघडा वाचत होत्या. पाठ करून आल्या होत्या. घरच्यांना कळू नये म्हणून. मी तक्ता उलटा लावला तरी तेच वाचत राहिल्या. मी त्यांना काही बोलले नाही. मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले. एवढंच सांगायचं होतं. सांगितलं तर हूं म्हणेल. हूं म्हणजे काय, ते एकदा विचारायला हवं. विचारलं तर त्यालाही हूं म्हणेल. आधी असा नव्हता. आधी म्हणायचा, मग? मग काय झालं? मी काय फार मोठं सांगत होते का. दुधवाल्याचंच सांगत होते. पण तो विचारायचा, मग?'

साडेचार मिनिटं ती बोलत राहिली. नायक रडू लागला त्याच्या बराच आधी समीक्षकाला पडदा नीट दिसेनासा झाला होता.

खेळ संपल्यावर तो जिन्यात आला. वर ऑपरेटरच्या खोलीत कुणीतरी तावातावाने बोलत होतं. दार उघडून कानसेन खाली आला. आपला सिनेमा जिथे लागेल तिथे जाऊन स्पीकर तपासायची त्याची जुनी खोड होती. सहा वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते. तो दोन पायऱ्या वर थांबला.

"भाऊजी. तिकीट काढून आलात?"

"हो."

"बरं केलंत. धंद्याला मदत."

"मनातले आवाज तू कधी घातलेस? परवा नव्हते."

"परवा नव्हते?" कानसेन म्हणाला. "सात महिने मी काय केलं मग? एकशे चाळीस माणसांचे आवाज मुद्रित केलेत. सगळी आखणीच ती आहे. डावीकडून मनं, उजवीकडून जग. आणि या गाढवाने इथे तारा उलट्या जोडल्यात. तीनदा सांगितलं. इथे सगळं उलटं वाजतंय, मनं उजवीकडून..."

तो बोलता बोलता थांबला. आवाजात आयुष्य घातलेला माणूस होता तो. त्याला समीक्षकाच्या आधी कळलं. तो दोन पायऱ्या उतरला, समीक्षकाच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि समोरच्या भिंतीकडे बघत हळूच काहीतरी म्हणाला.

"हूं," समीक्षक म्हणाला.

कानसेन पुढे येऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

"मी काय म्हणालो?"

समीक्षकाने त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"मी शिवी घातली, भाऊजी. आईवरून."

दोघं जिन्यावर बसले. खालून झाडूवाला वर आला आणि त्यांच्या पायांना वळसा घालून झाडत गेला.

"ताईला माहीत आहे?"

"मलाच आत्ता कळतंय."

"नायकाच्या बायकोचं मनातलं लिहून मी ताईला वाचायला दिलं होतं," कानसेन म्हणाला. "ती म्हणाली, असं कुठली बायको मनात म्हणते रे? म्हटलं, मग तू बोल तुझं. तीन मंगळवार दुकानातून लवकर सुटून आली. तिसऱ्या मंगळवारी एका दमात बोलली. मी एक शब्द कापला नाही. दिग्दर्शक म्हणाला, नायकाची बायको चष्म्याच्या दुकानातच ठेवू." तो समीक्षकाकडे वळला. "तिचा आवाज तुम्ही आपणहून ओळखाल म्हणून तुम्हाला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं."

कानाच्या डॉक्टरने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. उजव्या कानाच्या वेळी त्याने भराभर बटण दाबलं. डाव्याच्या वेळी तो बराच वेळ नुसता बसून राहिला. अजून सुरुवात झाली नसावी, अशी त्याची समजूत होती.

"तीन-चार वर्षं होत असणार हे," डॉक्टर आलेख बघत म्हणाला. "हळूहळू जातं, म्हणून माणसाला कळत नाही. तो आपोआप बसायच्या जागा बदलतो. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"घरी वाटलं, मी ऐकत नाही."

"म्हणजे आलं लक्षात," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्याच संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती चष्मा पुसत होती.

"मी आज सिनेमा बघितला."

"परत?"

"पहिल्यांदा."

मग जिना, शिवी, काचेची खोली, आलेख, सगळं सांगितलं. शिवीला ती जरा हसली. आलेख तिने दिव्याखाली धरून बघितला. डोळे तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, कान तिच्या विषयात नव्हते.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

"हो."

"आणि मी धरून चालले, की तुम्ही ऐकत नाही." तिने आलेखाची घडी घातली. "विचारायचं तरी मी. रोज पन्नास लोकांना विचारते, दिसतंय का, दिसतंय का."

"आता बोल," समीक्षक म्हणाला. खुर्ची फिरवून त्याने उजवा कान तिच्याकडे केला. "जे जे बोललीस, ते सगळं परत बोल. मी ऐकतो."

बायकोने खरोखर प्रयत्न केला. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसली.

"आठवत नाही हो," ती शेवटी म्हणाली. "त्या त्या वेळचं होतं ते."

खुलासा छापायचं त्याने ठरवलं. संपादकाने त्याचा मजकूर दोनदा वाचला.

"सर, 'परीक्षकाच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही' असं छापलं तर मागच्या चार वर्षांचे सगळे सिनेमावाले रांगेत उभे राहतील."

"त्यांचं बरोबरच असेल."

"असेल. पण रांग माझ्या टेबलापुढे लागेल. आणि पाचवा मुद्दा मागे घेतला तर तिकडे चार राहतात."

"मग जमेतला पहिलाही काढ. तोही खोटाच आहे."

तिचा चेहरा उजळला. "चार-चार. मग बसतंय."

शुक्रवारी पुरवणीच्या तळाशी दोन ओळी आल्या: 'वीस फूट या चित्रपटाच्या परीक्षणातील जमेची बाजू क्रमांक एक व लंगडी बाजू क्रमांक पाच तांत्रिक कारणामुळे मागे घेण्यात येत आहेत.' समीक्षकाने हे चालवून घेतलं. तांत्रिक कारण म्हणजे तो स्वतः होता, आणि हे लिहायला अजून एक ओळ लागली असती. हट्ट धरला असता तर ती मिळालीही असती. त्याने धरला नाही. डेपोमागच्या थिएटरवरचा फलक तोवर बदलला होता.

रविवारी मात्र कानसेन आला. चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिज बंद केला. घरात एकदम शांत झालं.

"सुरू झालं याचं," बायको म्हणाली. पण तिने आधीच दूध एका पातेल्यात काढून तापवून ठेवलेलं होतं.

कानसेन त्याच्या जुन्या खुर्चीत, समीक्षकाच्या उजवीकडे बसला. बायको वाढून झाल्यावर सवयीने डावीकडे बसली. काही वेळ तिघंही जेवत होते. समीक्षकाने दोनदा घसा साफ केला.

"ते साडेचार मिनिटांचं आहे ना," तो मेहुण्याला म्हणाला, "ते मला मिळेल का? घरी ठेवायला."

"आवाज ताईचा आहे. ताईला विचारा."

समीक्षक बायकोकडे वळला. ती ताटाकडे बघत हळू आवाजात काहीतरी म्हणाली. त्याच्या तोंडात 'हूं' आलं होतं. ते त्याने गिळलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. मीठ बरोबर आहे का, विचारलं."

कानसेनने बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने ऐकलं होतं, आणि ते मिठाबद्दल नव्हतं. मीठ बरोबरच होतं.

समीक्षक उठला. आपलं ताट आणि खुर्ची उचलून तो टेबलाला वळसा घालून गेला आणि बायकोच्या पलीकडच्या अंगाला, उजवा कान तिच्याकडे येईल असा बसला. बायको थोडी सरकली, त्याच्या ताटाला जागा केली आणि जेवत राहिली.

"मग?" तो म्हणाला.

तो वाट बघत बसला. फ्रिज बंद होता. कुणी काही बोललं असतं तर ऐकू आलं असतं.